धूर दिसत नाही म्हणून

आमच्या कोल्हापुरात घर तापवायची पद्धत नाही. थंडी म्हणजे काय तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाणारी माणसं कानटोपी घालतात, गल्लीच्या कोपऱ्यावर चार पोरं शेकोटी करून बसतात, दहा वाजले की परत ऊन. घरात तापतं ते अंघोळीचं पाणी, आणि बाळंतीण असेल तर तिची खोली. त्यामुळं आपल्याला वाटतं की बंद घरात जाळ पेटवून माणसं दगावतात ती तिकडं, काश्मीर-हिमाचलात नाहीतर परदेशात, आपला काय संबंध. पण दर हिवाळ्यात आपल्याच पेपरात आतल्या पानावर बातमी असते, बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली, गिझर चालू होता, आणि आपण पान उलटतो. मला आता ते पान उलटता येत नाही, त्याचं कारण पुढं येईलच.

आधी बंबाबद्दल लिहिते, कारण सगळं तिथनं सुरू होतं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात तांब्याचा बंब होता, मधे नळकांडं, त्याच्या भोवतीनं पाणी, खाली जाळी, बाजूला पितळी नळ. वरनं शेणीचे तुकडे, करवंट्या, नारळाच्या झावळ्या, गावाकडनं कोण आलं तर गुऱ्हाळातली वाळकी चिपाडं, जे हाताला लागेल ते टाकायचं. न्हाणी परड्यात, तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला पोत्याचा पडदा, वर कौलं आणि कौलांच्या फटीतनं आभाळ दिसायचं. थंडीत अंघोळ करताना पाठीवर गार वारं यायचं म्हणून सगळी कुरकुर करायची, पण तेच वारं धूर घेऊन जायचं हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. धूर डोळ्यांना झोंबला की माणूस आपोआप बाजूला सरकतो, खोकला आला की पडदा वर करतो. आपल्या घरातली सगळी सावधगिरी त्या धुरावर उभी होती. धूर आहे म्हणजे जपा, धूर गेला म्हणजे झालं.

म्हणून बंबाचे दिवस चांगले होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. पहाटे उठून बंब पेटवायचा तो बाईनंच, फुंकणीनं फुंकायचं तेही तिनंच, आणि आत्यांचा (म्हणजे माझ्या सासूबाईंचा) सकाळचा खोकला हा त्या फुंकणीचाच आहे असं त्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात ३२ लाख माणसं घरातल्या चुलीच्या धुरापायी गेली. त्यात बायका आणि लहान पोरं जास्त भरडली जातात, कारण जाळाजवळ तीच असतात. तेव्हा धूर गेला हे बरंच झालं. फक्त धूर गेला तेव्हा धोकापण गेला असं आपण धरून चाललो, आणि तिथं फसगत होते.

कारण गल्लीत एकेक करून सगळी घरं बदलली. कौलं गेली, स्लॅब पडला, परड्यात दोन खोल्या वाढल्या, न्हाणी आत आली. तिला छतापर्यंत टाइल्स, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, घट्ट बसणारा दरवाजा. वरच्या झरोक्याला डास येतात म्हणून काच, नाहीतर थंडी वाजते म्हणून पुठ्ठा. आणि अशा पेटीसारख्या बंद खोलीत भिंतीवर लावला गॅसचा गिझर. लाइटबिल वाचतं, पाणी लगेच येतं, बटण दाबायची गरज नाही, नळ सोडला की आत ठिणगी पडून भप्पकन पेटतो. विचार केला तर तो बंबच आहे, जाळ तोच, पाणी तेच, फक्त परड्यातला जाळ आपण अंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर आणून टांगला आणि वाऱ्याची वाट बुजवली.

आता जरा हिशेब बघा, कारण मला स्वतःला हा हिशेब समजला तेव्हाच गोष्ट नीट कळली. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला किलोपेक्षा थोडाच कमी गॅस जाळतो, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकदम लावल्यासारखं. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. आणि आपली नेहमीची ४ बाय ६ फुटांची, ८ फूट उंच बाथरूम म्हणजे जेमतेम साडेपाच घनमीटर, त्यात बादल्या, माणूस आणि वाफ. म्हणजे दहा मिनिटं गिझर चालला की आतल्या हवेचा तिसरा हिस्सा त्या जाळातनं जाऊन आलेला असतो. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, जितका वेळ नळ चालू तितका वाढत जातो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही, खोकला येत नाही. सिलिंडर लीक झाला तर वास येतो कारण गॅसमध्ये मुद्दाम वासाचं केमिकल मिसळलेलं असतं, पण जळाल्यावर ते राहत नाही. त्यामुळं "वास आला तर कळेल की" हे जे सगळे म्हणतात ते या बाबतीत उपयोगाचं नाही.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. म्हणजे हवेत थोडासाच असला तरी रक्तातली ऑक्सिजनची जागा तो अडवून बसतो. हवेत ०.१६ टक्के झाला की वीसेक मिनिटांत डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि तसंच बसून राहिलं तर दोन तासांच्या आत जीव जाऊ शकतो. प्रमाण वाढलं तर मिनिटांचं काम. आणि यातलं सगळ्यात वाईट म्हणजे पायांतली ताकद आधी जाते. माणसाला कळतं की काहीतरी होतंय, कडी समोर दिसते, पण उठून ती काढता येत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं असंच झालं. कॉलेजची परीक्षा होती, सकाळी लवकर डोक्यावरनं अंघोळ करायला गेली. तिच्या बहिणीच्या लक्षात आलं की बादली भरून वाहतीय, पाण्याचा आवाज येतोय पण तांब्याचा आवाज येत नाही. हाका मारल्या, ओ नाही. दार तोडलं. आम्ही सगळे धावलो तेव्हा ती दारातच पडलेली, ओठ निळे-बिळे काही नाहीत, चेहरा उलट चांगला लालसर. कोण म्हणालं उपाशी होती, कोण म्हणालं बीपी लो झालं असणार, कोणी कांदा हुंगवायला आणला. दवाखान्यात बोटाला ते ऑक्सिजनचं मशीन लावलं तर आकडा ९९. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. पण तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का?" आणि लगेच मास्क लावून पूर्ण ऑक्सिजन सुरू केला. नंतर त्यांनीच आम्हाला समजावलं की बोटाच्या मशीनला ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त यातला फरक कळत नाही, दोन्ही लालच दिसतं, म्हणून आकडा चांगला दाखवतं. खरं प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळतं. साध्या हवेत ठेवलं तर तो वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात निम्मा होतो. पोरगी वाचली. पुढं बरेच दिवस डोकं दुखायचं, वाचलेलं लक्षात राहायचं नाही, त्याचीही कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती, की याचा मेंदूवरचा परिणाम कधीकधी उशिरा दिसतो, तपासायला येत राहा.

तो प्रश्न त्या डॉक्टरांना सुचला नसता तर काय, हे मी कितीतरी रात्री घोळवलंय. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, बाथरूममध्ये कोणी पडलं तर आधी दार-खिडकी उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा, आणि दवाखान्यात गेल्या गेल्या स्वतःहून सांगा की घरात गॅसचा गिझर आहे. ते विचारतील याची वाट बघू नका.

त्यानंतर त्यांच्या घरी गिझर उतरवायला मिस्त्री आला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. वरचं कव्हर काढलं तर आत तांब्याच्या पातळ पट्ट्यांचा जो भाग असतो, ज्यातनं जाळाची धग वर जाते, तो निम्मा काजळीनं बुजलेला. मिस्त्रीनं बोट फिरवलं, काळं कुळकुळीत. बर्नरच्या फटीत कोळ्याचं जाळं आणि गंज. त्यानं बाहेर बोळात नेऊन नळी जोडून पेटवून दाखवला, जाळ निळा पाहिजे तो पिवळा, टोकाला नाचणारा. "वहिनी, ह्यो पिवळा जाळ दिसला की समजायचं आत गॅस नीट जळंना झालाय," तो म्हणाला. "पण बघतंय कोण? पाणी गरम येतंय तवर कोण कव्हर काढत न्हाई." गिझर किती जुना होता ते घरात कुणालाच सांगता येईना, बसवल्यापासनं एकदाही सर्व्हिसिंग नाही, फक्त सेल संपले की बदलायचे. आणि हे त्या एका घराचं नाही हो, मी तेव्हापासनं जिथं जाईन तिथं विचारते, शेजारी, पाहुण्यांकडं, भिशीच्या बायकांत, उत्तर तेच, सेल बदलतो की.

गिझर बाहेर लावायचा, गॅलरीत नाहीतर मागच्या बोळात, जिथं चारी बाजूंनी वारं आहे तिथं, आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणायचा. हे बहुतेक गिझरच्या माहितीपत्रकात लिहिलेलंच असतं. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून आत लावला तर चालतो असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, फॅन बाहेर ओढतो पण हवा आत यायला खाली वाट नसेल तर तो ओढणार काय? दाराला खाली जाळी लागते. आणि लाइट गेली की फॅन बंद, गिझर मात्र सेलवर चालूच.

आता शेगडीकडं येते. यावर बोललं की घरातली मोठी माणसं दुखावतात, म्हणून लिहिताना हात जरा जड होतोय.

जाऊबाईंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, थंडीचेच दिवस. आत्यांनी आठवड्याआधीच माळ्यावरनं लोखंडी शेगडी काढून घासून ठेवली होती. बाळंतिणीची खोली म्हणजे मधली, एकच खिडकी, तिच्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या, दाराला जाड पडदा, वारं लागू नये म्हणून. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. तो वास ज्या घरात मूल जन्मलंय तिथलाच असतो, माझ्याही दोन्ही बाळंतपणांत होता, आणि शेकून अंग मोकळं होतं हेही खरं, मी ते नाकारत नाही. आत्यांची एक पद्धत होती, कोळसे बाहेर अंगणात फुलवायचे, धूर पूर्ण थांबू द्यायचा, वर पांढरी राख धरली की मगच शेगडी आत. काळजी नव्हती असं नाही, उलट फार काळजी होती. पण लाल फुललेला, राख धरलेला, जराही धूर नसलेला कोळसाही भरपूर मोनॉक्साइड सोडत असतो. धूर थांबेपर्यंत वाट बघायची ही शहाणी सवय, आणि नेमकी तीच इथं उपयोगी पडत नाही.

बाळाचं तर आणखी नाजूक. तान्हं मूल वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा किती भराभर श्वास घेतं, आणि त्याच्या रक्तात जन्माआधीचं जे हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं त्याला हा वायू आणखी घट्ट धरतो. आई म्हणते डोकं जड झालंय, आपण म्हणतो जागरण झालंय. बाळ सुस्त पडतं, आपण म्हणतो छान झोपलंय.

मी आत्यांना हे सांगितलं तेव्हा त्या गप्प बसल्या नाहीत. "पाच पोरं ह्याच शेगडीवर शेकून मोठी केली मी, एकाला काय झालं न्हाई. आणि तू आज मला शिकवालीस व्हय?" मी म्हटलं, आत्या, तेव्हा वर कौलं होती, माळ्याच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी होत्या, धूर कुठनं जायचा आठवा. आता वर स्लॅब आहे. त्या वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग लेकराला गारठ्यात ठेवू काय?" हा प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय शेगडी बाहेर जाणार नव्हती.

मग आम्ही असं केलं. तेल लावून अंघोळ दुपारच्या उन्हात, दार-खिडकी उघडी ठेवून. शेक घ्यायचा तो सोप्यात, पुढचं दार सताड उघडं, बाळ आत दुसऱ्या खोलीत, आणि शेक झाला की शेगडी लगेच अंगणात, रात्री आत नाही म्हणजे नाही. कंबरेला गरम पाण्याची पिशवी. बाळाला टोपी, मोजे आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरनं शाल, ते हॉस्पिटलमधल्या सिस्टरनीच शिकवलं होतं, कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडायला लागले म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली आणि आता जगभर कमी वजनाच्या बाळांसाठी वापरतात. आत्यांना ही गोष्ट फार पटली, आईच्या अंगाची ऊब, त्याला त्यांचा आक्षेप कशाला असेल. धुरी मात्र त्यांनी सोडली नाही, सोप्यात उभ्या राहून स्वतः दोन मिनिटं देतात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "मी जातो आता शेगडी घिऊन भाईर."

विजेचं थोडक्यात लिहिते, कारण ते बऱ्याच जणांना माहीत असतं, फक्त केलं जात नाही. जुन्या पेठांतल्या घरांत अर्थिंग म्हणजे कधीकाळी कोळसा-मीठ घालून पुरलेली पट्टी, ती गंजून मातीत मिळाली असली तरी वर तिसऱ्या पिनेचा सॉकेट दिसतो म्हणून आपण निर्धास्त. एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही असंही नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी लागतो तो आरसीसीबी, ३० मिलीअँपियर गळती झाली की पाडणारा. पाणी तापवायचा रॉड बादलीत असताना पाण्यात हात घालून बघायची सवय तर इतकी घरोघरी आहे की ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मग हात. साठवणीच्या गिझरला जो छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो त्यातनं थेंब-थेंब पाणी येतं म्हणून कुणीतरी त्याला बूच मारलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. थर्मोस्टॅट अडकला तर पाणी तापतच राहतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्यावर सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. टाकीत ती कोंडली तर टाकी फुटते. ते थेंब पडतायत म्हणजे व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय, फार पडत असतील तर प्लंबरला बोलवा, पण बूच नको.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनी फ्रीज-मशीन बदलली, भिंती रंगवल्या, पण भिंतीतली वायरिंग आणि गिझरचा बोर्ड बऱ्याच घरांत तोच आहे. इलेक्ट्रिशियनकडं मेगर असतो, त्यानं वायरचं इन्सुलेशन तपासता येतं, काम तासाभराचं.

माझ्या नणंदेचा मुलगा इंग्लंडमध्ये भाड्यानं राहतो, तिथं घर गरम करायला बॉयलर, गॅसवरचा. त्याच्या मालकाला दरवर्षी रजिस्टर्ड इंजिनिअरकडनं तपासणी करून कागद भाडेकरूच्या हातात द्यावा लागतो, १९९८ च्या तिथल्या नियमांत ते लिहिलेलंच आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या खोलीत मोनॉक्साइडचा अलार्मही मालकानंच लावायचा. मुद्दा असा की तिकडंही लोक आपल्यासारखेच विसरतात, टाळतात, म्हणून तर तारीख ठरवून कुणावर तरी जबाबदारी टाकलीय. आपल्याकडं ती कुणावरच नाही. अलार्म ऑनलाइन मिळतो, फक्त घेताना नीट बघा, धुराचा अलार्म वेगळा, गॅस लीकचा वेगळा, दोन्हींना मोनॉक्साइड कळत नाही. आणि अलार्म लावला म्हणून गिझर बाथरूमच्या आत ठेवायचा असं करू नका.

जबाबदारीचं मनात येण्याचं कारण म्हणजे आमच्या मागच्या बोळातली तीन मजली इमारत. वर सगळ्या खोल्या शिकणाऱ्या पोरींना भाड्यानं दिल्यात, गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडनं आलेल्या, प्रत्येक मजल्यावर एक बाथरूम आणि आत एक गिझर, सकाळी लायनीनं अंघोळी, म्हणजे एकीची झाली की दुसरी त्याच हवेत. मी मालकांना भेटले, चांगला माणूस आहे, चहा पाजला, म्हणाले पाइप बाहेरनं घ्यायचा म्हणजे टाइल्स फोडाव्या लागतील, मे महिन्यात बघू. मी म्हटलं काका, थंडी आत्ता आहे. निदान झरोक्याच्या काचा आज काढा, दाराला खाली जाळी पाडा आणि पोरींना सांगा की आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार दोन मिनिटं उघडं राहू द्या, मग अंघोळीला जा. काचा त्यांनी माझ्यासमोर काढायला लावल्या. जाळीला सुतार या आठवड्यात येतो म्हणालेत. पोरींशी मी स्वतः बोलले, तिसऱ्या मजल्यावरची एक म्हणाली, काकी, मला अंघोळीनंतर रोज डोकं दुखतं, मला वाटायचं केस ओले राहतात म्हणून. तो तिसऱ्या मजल्यावरचा गिझर मी त्याच दिवशी बंद करायला लावलाय, मिस्त्री रविवारी येतोय, आणि तोवर त्या पोरी खालच्या मजल्यावर बादल्या भरून वर नेतायत.